राउटर सारखा रीस्टार्ट व्हायचा, शेवटी असं थांबलं

महिनाभर रोज संध्याकाळी वायफाय बसायचं, राउटरचे सगळे दिवे एकदम विझायचे आणि मग एकेक लागायचे, मला वाटलं अ‍ॅडाप्टर गेलाय म्हणून तोही बदलला पण फरक शून्य. मग ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ (राउटरचं सेटिंगचं पान) उघडून लॉग, म्हणजे राउटरच्या नोंदी, बघितला तर रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून इंटरनेटवरून राउटरची सेटिंग बदलायची सोय) चालू आणि बाहेरच्या अनोळखी आयपींवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यांवरून) रिक्वेस्टचा नुसता मारा. जुन्या फर्मवेअरमध्ये (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) खोट असली की एक वेडीवाकडी रिक्वेस्ट पुरते, पासवर्डही लागत नाही, राउटर कोसळतो. रिमोट मॅनेजमेंट बंद केलं, यूपीएनपी, म्हणजे उपकरणं आपोआप एकमेकांना शोधून जोडली जातात ती सोय, पण बंद (२०२० मध्ये त्यातली कॉलस्ट्रेंजर नावाची खोट उघड झाली होती, तिच्यामुळे आपलीच उपकरणं दुसऱ्यावरच्या हल्ल्यात वापरता यायची), मग नवीन फर्मवेअर टाकलं. ते चढताना लाइट गेली तर राउटर कायमचा जाऊ शकतो, म्हणून आधी इन्व्हर्टरवर लावला. तीन आठवडे झाले, एकदाही बसलं नाही.