खाडीचं पाणी ओतून चांदी बसत नाही

सांडपाण्यात लिटरला पाच-दहा मिलिग्रॅम चांदी उरली की मीठ टाकून ती सिल्व्हर क्लोराइडच्या रूपात खाली बसवायची, एवढं प्लांटवर सगळ्यांना ठाऊक असतं. घोळ होतो तो मिठाच्या मापात. कोकणातल्या औद्योगिक वसाहती, लोटे काय, महाड काय, खाडी जवळच; मग तिचंच पाणी टाकीत सोडायचा मोह होतो. सोडू नका. क्लोराइड लिटरला 100 मिलिग्रॅमच्या आसपास असताना चांदी सर्वांत कमी विरघळते. पाणी समुद्राइतकं खारट झालं, की जादा क्लोराइड तिला परत विरघळवून घेतं आणि लिटरमागे एक-दोन मिलिग्रॅम सरळ नाल्यात जाते.

म्हणून आधी क्लोराइड मोजा. एप्रिल-मेमध्ये खाडीकाठची बोअर मचूळ होते, तेव्हा मीठ लागतच नाही. गोड्या पाण्यात 1000 लिटरला 100 ग्रॅम मीठ विरघळवून घाला आणि 60 ग्रॅम फेरिक क्लोराइड (कोरड्या वजनाने). मिठातून लिटरला 60 मिलिग्रॅम क्लोराइड मिळतं, उरलेलं 40 फेरिकमधूनच येतं. चुन्याच्या निवळीने पीएच 8 वर आणा. पाच मिनिटं जोरात ढवळा, मग वीस मिनिटं इतकं सावकाश, की गुठळ्या फुटणार नाहीत. फेरिक वगळलं तर सिल्व्हर क्लोराइडचे कण दुधट तरंगत राहतात आणि बॅग फिल्टरमधूनही पार होतात. मात्रा आधी जार टेस्टवर (छोट्या भांड्यांत वेगवेगळ्या मात्रा घालून बघणं) पक्की करा.

मीठ टाकूनही चांदी हलत नसेल, तर ती कशाशी तरी बांधलेली आहे. एक्स-रे फिक्सरमध्ये थायोसल्फेट असतं. तिथे आधी इलेक्ट्रोलिसिस (वीज सोडून चांदी काढणं), शेवटी टीएमटी-15 हे धातू खाली बसवणारं गंधकयुक्त रसायन. प्लेटिंगच्या पाण्यात सायनाइड. त्यात आम्ल चुकूनही नको, वायूने जीव जातो. पीएच 10 च्या वर ठेवून हायपोक्लोराइटने सायनाइड आधी तोडा. आरसे बनवण्याचं अमोनियायुक्त द्रावण साठवूनच ठेवू नका. त्यात स्फोटक काळा गाळ तयार होतो.

तपासणीत उरलेल्या चांदीचा आकडा फारच सुंदर आला तर नमुन्याची बाटली बघा. क्लोराइड असलेल्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून ठेवलं की चांदी तळाशी, काचेला चिकटून बसते. वरचंच पाणी यंत्रात गेलं तर रिपोर्ट खोटा.

गाळ जूनआधी छपराखाली न्या. आपल्याकडचा पाऊस गाळ वाळवायच्या उघड्या बेडवरचे बारीक कण एका रात्रीत धुऊन नेतो, आणि त्यातच विकण्याजोगी चांदी असते.