जपानी भाषेत ‘नाही’ कसे म्हणावे

जपानी शिकू लागलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ‘हाई’ म्हणजे होय आणि ‘ईए’ म्हणजे नाही, अशी जोडी पाठ होते आणि नकाराची गडबड तिथूनच सुरू होते. ‘ईए’ हा शब्द खरा आहे, परंतु आमंत्रण, विनंती किंवा आग्रह नाकारण्यासाठी तो एकटा क्वचितच वापरला जातो. रोजच्या बोलण्यात तो सर्वांत सहज ऐकू येतो तो कौतुक झटकून टाकताना. ‘तुमचे जपानी फार छान आहे हो’ असे कोणी म्हटले, की मान किंचित हलवत ‘ईए ईए, मादा मादा देस’ म्हणायचे, म्हणजे ‘छे छे, अजून कुठे!’ शनिवारी जेवायला बोलावणाऱ्या सहकाऱ्याला मात्र नुसते ‘ईए’ म्हटले, तर त्याच्या तोंडावर दार लावल्यासारखे होते.

मराठी माणसाला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. ‘शनिवारी येता का?’ या प्रश्नावर आपणही ‘शनिवारी जरा…’ एवढेच म्हणून थांबतो आणि विचारणारा ‘बरं बरं, पुन्हा कधीतरी’ म्हणतो. जपानीतला ‘चोत्तो’ हा शब्द म्हणजे जवळजवळ आपला ‘जरा’ आहे. फरक एवढाच, की आपण हा मार्ग कधीकधी धरतो आणि जपानी माणूस बहुतेक वेळा धरतो. त्यामुळे तिथे नकार हा एक शब्द नसून चार छोट्या पायऱ्यांची बांधणी असते, आणि ती एकदा हातात बसली की प्रसंगानुसार फक्त शब्द बदलावे लागतात.

पहिली पायरी: आधी बोलावणाऱ्याचा मान राखावा

नकाराचे वाक्य नकाराने सुरू करू नये. आमंत्रण असेल तर ‘आरिगातो गोझाइमास’ म्हणून आधी आभार मानावेत आणि मग ‘सेक्काकु देस गा’ जोडावे. ‘सेक्काकु’ या शब्दाला मराठीत नेमका जोड नाही. ‘तुम्ही मुद्दाम, एवढ्या आपुलकीने विचारलेत, पण’ हा सगळा भाव तो एकटा वाहतो. मनापासून जाण्याची इच्छा असेल तर ‘झान्नेन देस गा’, म्हणजे ‘वाईट वाटते, पण’, हे अधिक योग्य. कोणी काम सांगितले असेल, मदत मागितली असेल किंवा समोरची व्यक्ती वरिष्ठ असेल, तर ‘मोशिवाके आरिमासेन गा’ अशी क्षमा मागून सुरुवात करावी. ‘आइनिकु’ हा शब्द ‘नेमके त्याच वेळी’ अशा अर्थाने येतो आणि दुकानात, हॉटेलात, दूरध्वनीवर वारंवार कानी पडतो. तो ऐकताच पुढे नकार येणार हे ओळखावे.

दुसरी पायरी: कारण द्यावे, पण तपशील देऊ नये

आपल्याकडे नकार खरा वाटावा म्हणून कारण सविस्तर सांगण्याची सवय असते. मावसबहिणीच्या मुलाचे बारसे, त्यासाठी ठाण्याला जायचे, गाडी सकाळी सातची, असे सगळे आपण ऐकवतो. जपानीत हा तपशील समोरच्यावर ओझे टाकतो, कारण त्याला त्या सगळ्यावर काहीतरी बोलावे लागते. तिथे ‘योजि गा आत्ते’, म्हणजे ‘काम असल्यामुळे’, किंवा ‘सेन्याकु गा आत्ते’, म्हणजे ‘आधीच कुणाला शब्द दिल्यामुळे’, एवढे पुरेसे असते आणि ‘कसले काम?’ असे विचारणे अशिष्ट समजले जाते. वाक्य पूर्णच करायचे असेल, तर शेवटी ‘आरु न देस’ म्हणावे. या ‘न देस’मुळे विधानाला खुलाशाचा सूर येतो. नुसते ‘योजि गा आरिमास’ म्हटले, तर ते सूचना फलकावरच्या मजकुरासारखे कोरडे लागते.

तिसरी पायरी: वाक्य अर्धवट सोडावे आणि गप्प राहावे

शिकणाऱ्याला सर्वांत जड जाते ती हीच पायरी. ‘दोयोबि वा चोत्तो…’, म्हणजे ‘शनिवारी जरा…’, असे म्हणताना शेवटचा स्वर किंचित लांबवायचा, आवाज उतरवायचा, मान थोडी कलती करायची आणि थांबायचे. ‘नाही’ हे क्रियापद उच्चारायचेच नाही. ते समोरचा आपल्या मनात पूर्ण करतो. नवख्या माणसाला ती दोन क्षणांची शांतता सहन होत नाही आणि तो घाईने ‘इकिमासेन’, म्हणजे ‘येत नाही’, असे म्हणून मोकळा होतो. व्याकरण अचूक असते, पण तोवर जमवलेले सगळे विस्कटते. येथे संयम हाच उच्चाराइतका महत्त्वाचा आहे, आणि तो आरशासमोर उभे राहून घोकावा लागला तरी हरकत नाही.

चौथी पायरी: दार उघडे ठेवावे

शेवटी ‘माता सासोत्ते कुदासाई’, म्हणजे ‘पुन्हा जरूर बोलवा’, असे म्हणावे. येथे एक बारकावा आहे. हे वाक्य बहुतेकदा केवळ रीतीचे असते आणि ऐकणाराही ते तसेच घेतो. त्यामुळे जायची खरोखर इच्छा असेल आणि फक्त तो दिवस अडचणीचा असेल, तर पर्यायी दिवस स्वतःहून सुचवावा: ‘राइशू नारा दाइजोबु देस’, ‘पुढच्या आठवड्यात जमेल’. दिवस सुचवला नाही, तर सभ्य जपानी माणूस तुम्हाला त्या बेतात रस नाही असे समजून पुन्हा विचारण्याचे टाळण्याची शक्यता असते, आणि इकडे तुम्ही ‘त्यांनी नंतर बोलावलेच नाही’ म्हणून वाट पाहत बसता.

चारही पायऱ्या एकत्र आल्या, की संवाद असा होतो. सहकारी विचारतो, ‘जोशी-सान, दोयोबि नि इश्शो नि शोकुजि, दो देस का?’ म्हणजे शनिवारी बरोबर जेवायला जाऊ या का. उत्तर असे: ‘आ, आरिगातो गोझाइमास. सेक्काकु देस गा, दोयोबि वा चोत्तो योजि गा आत्ते… माता सासोत्ते कुदासाई.’ यात ‘नाही’ असा अर्थ असलेला एकही शब्द नाही, तरी नकाराबद्दल कुणाच्याही मनात शंका राहत नाही.

दुकानातला ‘नको’

मराठीत ‘नाही’ वेगळे आणि ‘नको’ वेगळे, ही आपली मोठी सोय आहे. जपानीत ‘नको’चे काम अनेक शब्दांत वाटले गेले आहे. दुकानाच्या गल्ल्यावर पिशवी हवी का असे विचारतात (1 जुलै 2020 पासून तेथे प्लास्टिकच्या पिशवीचे पैसे द्यावे लागतात, म्हणून हा प्रश्न आता हमखास येतो), तेव्हा ‘दाइजोबु देस’ म्हणावे. त्याचा मूळ अर्थ ‘ठीक आहे’ असा असला, तरी येथे तो ‘नको, चालेल’ असा होतो, अगदी आपल्या ‘राहू द्या’सारखा.

‘केक्को देस’ थोडे अधिक औपचारिक आहे. ‘केक्को’ म्हणजे ‘उत्तम, पुरेसे’, म्हणून चहाचा दुसरा पेला नाकारताना ‘मो केक्को देस’, म्हणजे ‘आता पुरे’, हे शोभते. मात्र शेवटी एक ‘ने’ लागला आणि सूर चढला, की ‘केक्को देस ने’चा अर्थ ‘वा, छानच!’ असा होऊन बसतो. ‘ई देस’चेही तेच: तुटक म्हटले तर ‘नको’, आणि ‘ई देस ने’ म्हटले तर ‘मस्त कल्पना’. म्हणून शब्दाबरोबर हातही वापरावा. तळहात उभा धरून चेहऱ्यासमोर डावी-उजवीकडे दोनचार वेळा हलवणे ही नकाराची सर्वपरिचित खूण आहे. आपल्याकडे वास येत असल्यासारखी ती दिसते, पण तिथे तिचा तसा अर्थ नाही.

जेवणाच्या टेबलावर

शाकाहारी मराठी माणसाची खरी परीक्षा येथे होते. मिसो सूपमध्ये मासा दिसत नसला, तरी त्याचा अर्क, म्हणजे ‘दाशि’, बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशाचा असतो. ताट समोर आल्यावर नकार देणे यजमानाला फार अवघड करून सोडते, म्हणून तो आधीच, निमंत्रण स्वीकारतानाच द्यावा: ‘निकु तो साकाना गा ताबेरारेनाई न देस’, म्हणजे ‘मांस आणि मासे मला खाता येत नाहीत’. ‘ताबेमासेन’, म्हणजे ‘खात नाही’, यात निवड आणि निश्चय डोकावतो. ‘ताबेरारेनाई’, म्हणजे ‘खाता येत नाही’, यात असमर्थता आहे, आणि असमर्थता कुणाला दुखवत नाही. माशाच्या अर्काचेही वावडे असेल, तर ‘दाशि मो’ हे दोन शब्द विसरू नयेत. निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न असेल, तर ‘किराई’, म्हणजे ‘नावडते’, असे न म्हणता ‘चोत्तो निगाते देस’ म्हणावे. ‘निगाते’ म्हणजे ‘मला जमत नाही’. दोष पदार्थाकडून आपल्याकडे येतो.

मद्याबाबतही तेच तत्त्व. ‘ओसाके वा नोमेनाई न देस’, म्हणजे ‘मला पिता येत नाही’, हे पुरते, आणि कुणी फारच आग्रह केला तर ‘ताइशित्सु-तेकि नि’, म्हणजे ‘प्रकृतीमुळे’, असे जोडावे. पूर्व आशियातील अनेकांच्या शरीरात मद्य पचवणारे एक विकर कमी कार्यक्षम असते, म्हणून हे कारण तिथे सर्वांना समजते. पहिल्या फेरीतच ‘ऊरोन-चा दे’ म्हणजे ऊलाँग चहा मागवावा आणि पेला भरलेला ठेवावा. तिथे एकमेकांचे पेले भरण्याची रीत असल्याने रिकामा पेला हे न बोललेले ‘होय’ ठरते. जेवणानंतर मंडळी दुसरीकडे निघाली, की ‘आशिता हायाई नोदे, कोरे दे शित्सुरेई शिमास’, ‘उद्या लवकर उठायचे आहे, येतो’, असे म्हणून वाकून निरोप घ्यावा.

कार्यालयात: देण्यापेक्षा ओळखण्याची कला

कामकाजातले नकार देण्याआधी ते ऐकायला शिकले पाहिजे. बैठकीत समोरच्याने दातांतून ‘स्स्’ असा श्वास ओढला, मान कलती केली आणि ‘मुझुकाशी देस ने’, म्हणजे ‘अवघड आहे’, असे म्हटले, तर अवघड ते सोपे कसे करता येईल हे समजावत बसू नये. विषय बहुधा तिथे संपलेला असतो. ‘कान्गाएते ओकिमास’ म्हणजे आपले ‘बघतो’. ओसाकाच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी असलेले त्याचेच ‘कान्गाएतोकिमास्सा’ हे रूप तर नकाराचे उदाहरण म्हणून जपानभर ठाऊक आहे. ‘केन्तो शिमास’, म्हणजे ‘विचार करू’, हे मात्र खरोखर दोन्हीकडे झुकू शकते, म्हणून पुढची तारीख ठरते का याकडे लक्ष ठेवावे.

स्वतः लेखी नकार देताना ‘कोन्काई वा मिओकुरासेते इतादाकिमास’ लिहावे. ‘मिओकुरु’ म्हणजे निरोप देणे, जाणाऱ्याला नजरेआड होईपर्यंत पाहत राहणे. प्रस्तावाला या वेळी असा निरोप दिला जातो. ‘इताशिकानेमास’, म्हणजे ‘करणे शक्य होत नाही’, या शब्दाची रचना तर पाहण्यासारखी आहे: अर्थ पूर्ण नकाराचा, पण रूप होकारार्थी, ‘मासेन’ या नकारार्थी शेवटाचा मागमूस नाही. घाईने वाचणारे परदेशी त्यात हमखास फसतात. नोकरीसाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांना कंपन्या नकार कळवतात, तेव्हा पत्राचा शेवट ‘आपल्या पुढील यशासाठी प्रार्थना करतो’ अशा अर्थाच्या वाक्याने होतो. म्हणून अशा पत्रांना ‘ओइनोरि मेरु’, म्हणजे प्रार्थनेची पत्रे, असे नाव पडले आहे आणि विद्यार्थी ‘नाकारले’ न म्हणता ‘माझ्यासाठी प्रार्थना झाली’ असे म्हणतात.

नकारार्थी प्रश्नांच्या बाबतीत मात्र मराठी भाषकाचे काम सोपे आहे. ‘तुम्ही येणार नाही ना?’ याला आपण ‘हो, नाही येणार’ म्हणतो, आणि जपानीतही ‘हाई, इकिमासेन’ असेच उत्तर येते. फक्त ‘इकिमासेन का?’ हा प्रश्न दिसायला नकारार्थी असला, तरी ते ‘जाऊ या ना?’ असे आमंत्रण असते. तिथे ‘हाई’ म्हटले की जावे लागते.

जिथे ही सगळी नजाकत सोडून द्यावी

दारावर किंवा दूरध्वनीवर काही विकायला आलेल्या माणसापुढे ‘चोत्तो…’ म्हणून गप्प राहिल्यास तो ती शांतता स्वतःच्या बोलण्याने भरून काढतो. ‘केक्को देस’ आणि ‘ई देस’ येथे धोक्याचे आहेत, कारण लबाड विक्रेता त्यांचा होकारार्थी अर्थ काढून मोकळा होऊ शकतो. सौम्यपणे टाळायचे असेल, तर ‘मा नि आत्ते इमास’, म्हणजे ‘आमच्याकडे पुरेसे आहे’, हे जुने, घरगुती वाक्य आहे. ते न पुरल्यास ‘इरिमासेन’, ‘नको आहे’, किंवा ‘ओकोतोवारि शिमास’, ‘मी नकार देत आहे’, असे स्पष्ट म्हणावे. घरोघरी होणाऱ्या विक्रीत ग्राहकाने इच्छा नसल्याचे सांगितल्यावर पुन्हा गळ घालण्यास जपानी कायद्याने मनाई आहे, आणि सही होऊन गेली असली तरी कराराचे कागद मिळाल्यापासून आठ दिवसांच्या आत तो रद्द करता येतो. अंगचटीला येणाऱ्या किंवा त्रास देणाऱ्या माणसाला तर ‘यामेते कुदासाई’, म्हणजे ‘थांबवा’, हे मोठ्याने आणि पूर्ण वाक्यात सांगावे.

तरीही प्रकरण गळ्याशी आले, तर ग्राहकांसाठी देशभर 188 हा तीन आकडी क्रमांक आहे, आणि तो लावला की जवळच्या ग्राहक सल्ला केंद्राशी जोडून देतात. जपानी पद्धतीने हे आकडे ‘इ-या-या’ असे वाचता येतात. ‘इयाया’ म्हणजे ओसाका-क्योतोकडच्या बोलीत सरळसरळ ‘मला नको!’