'आय सॉ' की 'आय हॅव सीन', कसं ठरवायचं?
बाराच्या बारा टेन्स पाठ करत बसू नका, आपलं घोडं अडतं ते बहुतेक वेळा इथेच. आधी बघा वाक्यात 'कधी' ते सांगितलंय का. यस्टरडे, लास्ट वीक, इन २०१९ असं काही आलं की सरळ सिंपल पास्ट, 'आय सॉ हिम यस्टरडे', तिथे 'हॅव सीन' चालत नाही, लोक इंटरव्ह्यूत बिनधास्त ठोकून देतात ते सोडा. वेळ सांगितलेली नाही आणि परिणाम आत्ता भोगतोय तर हॅव: 'आय हॅव लॉस्ट माय कीज', म्हणजे अजून दाराबाहेरच उभाय गडी. आणि पाच वर्षं पुण्यात राहताय तर 'आय ॲम लिव्हिंग' नाही हं, 'आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स'. कालावधीला फॉर, सुरुवात कधीपासून ते सांगायचं तर सिन्स.