सॉफ्ट हॅकल माशी बांधताना आणि ट्राउटला टाकताना या चुका टाळा

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठाजवळ. इथे ट्राउट मासा नाही, होणारही नाही, त्याला थंडगार वाहतं पाणी लागते आणि आपली नदी मे महिन्यात कशी तापते ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून माशा, म्हणजे हुकावर धागा आणि मऊ पीस गुंडाळून केलेले नकली किडे, मी वर्षभर घरी बांधतो आणि लाखोरी-हरभरा निघाला की हिमाचलात तीर्थन नदीवर जातो. पहिल्या वर्षी डबाभर माशा नेल्या, तीन दिवस एकाही ट्राउटने तोंड लावलं नाही. तेव्हापासून एकेक चूक शोधत आलो, त्या इथे लिहितो, कारण आपल्याकडे हे शिकवणारं जवळ कोणी नसते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पिसाचे जास्त वेढे. आपल्याला वाटते भरगच्च माशी माशाला लवकर दिसेल, मग चार-पाच वेढे मारतो आणि पाण्यात त्याचा झाडूच होतो. दीड वेढा, फार तर दोन, बस. पिसाचे केस हुकाच्या वळणाच्या जरासे मागे जातील एवढेच लांब ठेवा, आणि पीस दाट वाटलं तर बांधण्याआधी काडीच्या एका बाजूचे केस ओरबाडून टाका. माशी बांधून झाली की स्टीलच्या ग्लासात पाणी घ्या, दोऱ्याला बांधून आत सोडा आणि हळूच वर-खाली करा. वर ओढताना केस अंगाला चिकटले पाहिजेत, थांबलात की छत्रीसारखे उघडले पाहिजेत. या माशीत जीव येतो तो या उघडझापीनेच. ग्लासात हे दिसत नसेल तर ती माशी डब्यात ठेवू नका, ब्लेडने सोलून हुक परत वापरा.

आता पीस कोणतं? कोंबड्याच्या मानेचं चकचकीत पीस सुंदर दिसते पण ते कडक असते, ते कोरड्या माशीचं, पाण्यावर तरंगायच्या कामाचं. आपल्याला पाहिजे गावरान कोंबडीच्या मानेचं नाही तर पाठीचं मऊ पीस, ठिपके-ठिपके असलेलं मिळालं तर फारच छान. शॅम्पूच्या कोमट पाण्यात धुवा, सावलीत वाळवा आणि डांबरगोळी टाकून डब्यात ठेवा, नाहीतर पावसाळ्यात कीड लागून सगळा चुरा होतो. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. या माशा मूळच्या इंग्लंडातल्या यॉर्कशायरकडच्या, त्यातली पार्ट्रिज अँड ऑरेंज सगळ्यात प्रसिद्ध, नाव ऐकून आपली पोरं शेताच्या बांधावर तितर शोधायला निघतात. तसं करू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तितराची शिकार गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी दीड वेढ्यासाठी एक पाखरू मारणं बरोबर नाही. कोंबडीच्या पिसाने काम शंभर टक्के होते, मी त्यावरच ट्राउट धरले आहेत.

धाग्याचा रंग कोरडा पाहून ठरवणं ही पण चूकच. रेशीम ओलं झालं की गडद होते आणि आतला हुकाचा काळेपणा दिसायला लागतो, दुकानात झेंडूसारखा दिसणारा नारिंगी पाण्यात विटकरी होतो. त्यामुळे धागा हुकावर गुंडाळून ओल्या बोटाने पाहायचा आणि मगच घ्यायचा. आमच्या मोहाडी तालुक्यात आंधळगावला कोसा विणतात, तिथला उरलेला कोशाचा धागा मी आणतो, पीळ सोडून एकच बारीक पदर काढतो, मेण लावतो. त्याचा मधासारखा नैसर्गिक रंग भिजल्यावर मस्त येतो, रंगवायचं कामच नाही.

बाकीचं थोडक्यात. माशीचं धाग्याचं अंग बारीक ठेवा, हुकाच्या टोकाच्या वर येईल तिथेच संपवा, मागे वळणात नेऊ नका. हुकाच्या डोळ्याजवळ, म्हणजे दोरा ओवायच्या भोकाजवळ, मिलीमीटरभर जागा मोकळी सोडा, नाहीतर डोकं जाड होऊन डोळा बुजतो आणि नदीवर थंडीत आखडलेल्या बोटांनी टिपेट, म्हणजे लाइनच्या टोकाचा बारीक दोरा, ओवता येत नाही. व्हार्निश लावल्यावर डोळ्यातून सुई फिरवून घ्या. चौदा नंबरचा हुक सुरुवातीला बरा.

आता पाण्यावरचं. माशी प्रवाहाला आडवी, जरा खालच्या अंगाला टाकायची आणि प्रवाहाने तिला कमानीसारखं काठाकडे आणायचं, एवढंच. चूक होते ती मधल्या जोरदार धारेत लाइनला पोट पडते तेव्हा, ते पोट माशीला फरफटत नेते आणि कोणताही खरा किडा एवढा जोरात पोहत नाही. लाइन पडली की लगेच रॉडने ती उचलून वरच्या अंगाला वळवून ठेवा, गरज पडली तर दोनदा. आमच्या गावात एक म्हातारे ढिवर काकाजी आहेत, आयुष्य गरी आणि जाळ्यावर गेलं, ट्राउट त्यांनी पाहिला पण नाही. नाल्यावर मी सराव करत होतो, पावसाळा संपतानाचं नितळ पाणी, बारीक रुपेरी मासे माशीमागे यायचे आणि परत जायचे, ते बघून म्हणाले, "तू कायले ओढतं गा, पाण्याले नेऊ दे नं." दोन टाकात फरक दिसला.

दुसरं, झटका. माशाने माशी धरली की आपण गरीच्या सवयीने फाटकन रॉड वर मारतो आणि पाचव्या नंबरचं टिपेट तुटते, नाही तर माशाच्या तोंडातून माशी निघून येते. प्रवाहाने पाण्यातली लाइन ताणलेलीच असते, ट्राउट माशी घेऊन वळतो तेव्हा हुक तोंडाच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. रॉडचं टोक थोडं वर धरा म्हणजे टोकापासून पाण्यापर्यंत लाइनला जरासा झोळ राहील, आणि वजन जाणवलं की नुसतं उचला.

कमान संपली की घाईने लाइन काढू नका, माशी खाली लटकत असताना मनात दहापर्यंत मोजा, मग रॉड सावकाश वर घ्या. माझे निम्मे ट्राउट या थांबण्यात लागले आहेत. मग दोन पावलं खाली सरकून परत टाका, एकाच जागी तासभर उभं राहू नका.

हिमाचलात मत्स्य विभागाचं लायसन्स काढावं लागते आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटला बंदी असते, तिकीट काढण्याआधी हे लक्षात ठेवा. हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडने दाबून टाका म्हणजे सोडायचा मासा हात ओले करून पाण्यातच सोडता येते. आणि संध्याकाळी खोलीवर आलात की डबा उघडा ठेवून माशा वाळवा, बंद डब्यात दोन दिवसात हुक गंजतात आणि कोशाच्या धाग्यावर तांबडे डाग पडतात.