दंडाची पट्टी आणि चमचाभर तेल

मी धारणी तालुक्यातली अंगणवाडी सेविका. लेकरू कुपोषित आहे का ते दंडाचा घेर मोजून कळतं. सहा महिन्यांपुढच्या लेकराचा डावा हात सैल सोडून दंडाच्या मधोमध मोजपट्टी लावा, आवळू नका. 11.5 सेंटिमीटरच्या खाली भरलं, किंवा दोन्ही पावलांवर अंगठा दाबल्यावर खळगा राहिला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

11.5 ते 12.5 सेंटिमीटर भरलेल्या, म्हणजे मध्यम कुपोषित लेकरांसाठी गावाने हातभार लावायचा. आमच्याकडे पाच घरं आळीपाळीने डाळ, शेंगदाणे, अंडी देतात. कुटकीच्या (बारीक भरडधान्याच्या) मऊ खिचडीत दाण्याचं कूट, वरून चमचाभर तेल. पोट एवढंसं, म्हणून दिवसातून पाचदा, थोडं थोडं. नुसतं डाळीचं पाणी नको. चमचा तिरका केला तरी घास ओघळू नये. आई मजुरीला जाते, तेव्हा आजीलाही शिकवा. भरवणारी तीच असते.