बॉटनं इश्यू बंद करताना काय लिहावं

‘हा इश्यू स्टेल म्हणून मार्क झाला आहे. सहकार्याबद्दल धन्यवाद.’ बरेच दिवस हालचाल नसलेल्या इश्यूवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या अडचणीच्या नोंदीवर, बॉट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) असा निरोप टाकतो; ‘स्टेल’ म्हणजे शिळा. बग (सॉफ्टवेअरमधली चूक) कळवणाऱ्याला यातून काय कळतं? तासभर खपून स्टेप्स लिहिल्या, लॉग (प्रोग्रॅमनं आपोआप केलेली नोंद) जोडला, आणि कुणी न वाचताच बाहेरची वाट दाखवली, एवढंच. आमच्या प्रोजेक्टचं ट्रायाज, म्हणजे आलेले इश्यू चाळून लावणं, मी बघतो, त्यामुळे ही चिडचिड माझ्याच वाट्याला येते.

गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर हे काम ‘स्टेल’ नावाची अ‍ॅक्शन (आपोआप चालणारी स्क्रिप्ट) करते. सेटिंग तसंच ठेवलं तर ६० दिवस हालचाल नसली की लेबल लागतं आणि आणखी ७ दिवसांनी इश्यू बंद होतो. हे आकडे निरोपात हवेतच. कॉन्फिगमधला (सेटिंगच्या फाइलमधला) आकडा बदललात तर मजकुरातलाही हातानं बदला.

मी मजकूर असा ठेवतो:

‘मी बॉट आहे. या इश्यूवर ६० दिवसांत काही हालचाल नाही. बग खोटा आहे, असं आम्ही म्हणत नाही. ताज्या व्हर्जनवरही तसंच होत असेल तर व्हर्जन नंबर इथे कॉमेंटमध्ये टाका, लेबल आपोआप निघेल. काही आलं नाही तर ७ दिवसांनी इश्यू बंद होईल.’

एकच गोष्ट मागितली आहे, मुद्दाम. लॉग, स्क्रीनशॉट, ब्राउझर असं सगळं एकदम मागितलं की लोक काहीच देत नाहीत.

बंद करतानाच्या निरोपात ‘हवं तर पुन्हा उघडा’ असं चुकूनही लिहू नका. रिपॉझिटरीत (प्रोजेक्टचा कोड आणि इश्यू असतात त्या जागेत) फक्त वाचायचा हक्क असलेल्याला स्वतः बंद केलेलाच इश्यू उघडता येतो. बॉटनं बंद केलेला उघडता येत नाही. बिचारा बटण शोधत बसतो. त्याऐवजी ‘इथेच कॉमेंट करा, आम्ही उघडू’ असं लिहा. पण बंद इश्यूंवरच्या कॉमेंट टीममधलं कोण बघणार, ते आधी ठरवा. कुणीच बघणार नसेल तर ‘या इश्यूची लिंक देऊन नवा टाका’ हे जास्त प्रामाणिक.

आणि घोडं आपल्याकडेच अडलं असेल तर बॉटनं तोंड उघडूच नये. अ‍ॅक्शनच्या ‘ओन्ली-लेबल्स’ या सेटिंगमध्ये ‘माहिती हवी’ एवढं एकच लेबल द्या, म्हणजे ज्यांच्याकडून उत्तर यायचंय त्यांनाच निरोप जाईल. आधी ‘डीबग-ओन्ली’ हे सेटिंग ट्रू (चालू) करून अ‍ॅक्शन चालवा; कुठलाही इश्यू न बदलता कोणकोणते सापडतात ते लॉगमध्ये दिसतं.