क्लोरीनचं मॉक ड्रिल: तयारी करताना भिंतीपलीकडे जाऊन या

मागच्या ड्रिलला मी तोंडावर आपटलो म्हणून हे लिहून ठेवतोय, तुमच्याकडेही क्लोरीनचे टनर (साधारण टनभर क्लोरीन मावणारी मोठी सिलिंडरं) असतील तर कामाला येईल. कागदावर ड्रिल झकास झालं होतं. अकराला भोंगा, सव्वाअकराला गळती बंद, हजेरी पूर्ण, डिशचे (सरकारच्या औद्योगिक सुरक्षा खात्याचे) साहेब खूश. नंतर सहज मागच्या गेटला गेलो, तर भिंतीला लागून जी चाळ आहे तिथे एक मावशी खाटेवर कुरडया वाळत घालत होत्या. विचारलं, मावशी भोंगा ऐकलात का? म्हणाल्या, "ऐकला की, आज जेवणाची सुट्टी लवकर झाली वाटतं तुमची."

म्हणजे पोलिसांना पत्र दिलं, फायर ब्रिगेडला दिलं, शेजारच्या दोन कंपन्यांना दिलं, आणि जी माणसं टनर शेडपासून ऐंशी पावलांवर झोपतात त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. कुणी म्हणजे मीच.

त्यामुळे पहिलं काम, ड्रिलच्या आठ दिवस आधी भिंतीपलीकडे जा. स्वतः जा, वॉचमनला पाठवू नका. शिफ्टचा भोंगा आणि गॅसचा भोंगा वेगळा ऐकू येतो का ते तिथे उभं राहून ऐका, आमचा एकच होता, फक्त जास्त वेळ वाजायचा, आणि किती वेळ वाजला हे मोजत कोण बसतं?

भोपाळचं आपण सगळे ट्रेनिंगला घोकतो. २ डिसेंबर १९८४ ची रात्र, ई-६१० टाकीत चाळीसेक टन मिक (मिथाइल आयसोसायनेट, विषारी रसायन), त्यात पाणी शिरलं, थंड ठेवणारं युनिट जूनपासून बंद, गॅस धुऊन निकामी करणारा स्क्रबर स्टँडबायला, गॅस जाळून टाकणाऱ्या फ्लेअरचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला, आणि पाण्याचा फवारा गॅस सुटत होता त्या उंचीपर्यंत पोचतच नव्हता. हे पाठ असतं. पण बाहेरच्या लोकांसाठीचा सायरन थोडा वेळ वाजवून बंद केला होता, हे किती जणांना आठवतं? आतले बहुतेक कामगार वारा बघून उलट बाजूला गेले आणि वाचले, आणि समोरच्या जे. पी. नगरातली माणसं गॅसबरोबरच पळत राहिली. नाकातोंडावर ओलं फडकं धरा एवढं सांगणारंही कुणी नव्हतं. सरकारी आकडा ३,७८७ मृत्यूंचा, खरा याच्या कितीतरी वर मानतात. टाकीचं नाव तोंडपाठ असून मी चाळीत गेलो नव्हतो, याची लाज वाटते.

असो, सामान. ब्रीदिंग सेटचे सिलिंडर भरलेले पाहिजेत हे सांगायला नको, फक्त अर्ध्या तासाचा सेट धावपळीत अर्धा तास पुरत नाही हे टीमला सांगा. दाढीवाल्याला सेट देऊ नका, मास्कचं सील बसत नाही, वाद घालेल, घालू दे. टनरच्या व्हॉल्व्हची चावी टनरपाशीच, साहेबांच्या ड्रॉवरमध्ये नाही. गळती बंद करायच्या किटमधला हूड (व्हॉल्व्हवर बसवायचं टोपण) आणि वॉशर एकदा खरंच टनरवर लावून बघा. अमोनियाची बाटली उघडून वास घ्या (लांबून!), आमची झाकण सैल राहून नुसतं पाणी झाली होती, आणि गळती शोधायला धूर तर तिच्यामुळेच दिसतो. गळती वरच्या बाजूला येईल असा टनर फिरवायची प्रॅक्टिस घ्या, कारण वरून वायू येतो आणि खालून द्रव, आणि एक लिटर द्रवाचा साडेचारशे लिटरच्या आसपास वायू होतो. गळतीवर पाणी मारायचं नाही. नाही म्हणजे नाही, ओलं क्लोरीन लोखंड खातं आणि भोक मोठं होतं. दर वेळी एक उत्साही माणूस होज घेऊन येतोच, त्याला आधीच ओळखून ठेवा.

विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी) फाटलेला नको. असेंब्ली पॉइंट, म्हणजे सगळ्यांनी जमायची जागा, दोन ठेवा, वारा बघून कुठला ते ठरवा.

चाळीत जाऊन आलात का? सामानाच्या नादात राहून जातं, माझं तसंच झालं. तिथे काय सांगायचं तेही ठरवून जा: हा आवाज आला की ओलं फडकं नाकाला, झेंडा फडकतोय त्या दिशेला पळायचं नाही, वाऱ्याला आडवं निघायचं, आणि खड्ड्यात नाल्यात उतरायचं नाही, क्लोरीन जड असतो, खालीच साचतो. घाबरवू नका, पण पत्रक देऊन परतही येऊ नका, आमच्या चाळीत निम्म्यांना मराठी वाचता येत नाही. म्हाताऱ्यांना कोण उचलणार ते त्यांच्याकडूनच नाव घेऊन लिहून घ्या. आणि रात्रपाळीची माणसं दिवसा झोपलेली असतात, तेव्हा दोन फेऱ्या मारा.

ड्रिलच्या दिवशी: कंत्राटी लोकांचं हजेरी रजिस्टर गेटवर, अँब्युलन्सचा ड्रायव्हर जागेवर, फोटोवाल्याला लांब ठेवा. नंतर हजेरी, सिलिंडर पुन्हा भरायला, रिपोर्ट त्याच दिवशी, चहा. सहा महिन्यांनी परत हेच, त्यातलं एक तरी रात्री घ्या.

ऑल क्लिअरचा, म्हणजे धोका टळल्याचा, भोंगाही भिंतीपलीकडे समजावून सांगायचा आहे. मी शनिवारी जातोय, मावशींना आधी.